किरकोळ खरेदीचे चलन : तांब्याच्या फुलूसपासून आभासी नाण्यापर्यंत
(भोपाळच्या कोलार रोडच्या संदर्भात)

प्रास्ताविक

भोपाळमध्ये चूनाभट्टीपासून निघून, सर्वधर्मजवळ कलियासोत नदी ओलांडून पुढे गोलजोडच्या दिशेने जाणारा रस्ता कोलार रोड म्हणून ओळखला जातो. भोपाळला पाणी पुरविणाऱ्या कोलार धरणावरून त्याला हे नाव पडले. काही काळ स्वतंत्र नगरपालिका असलेला हा भाग पुढे भोपाळ महानगरपालिकेत सामील झाला. दानिशकुंज, बीमाकुंज, ललितानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, आणि वसाहतींबरोबर खाण्याच्या गाड्या आल्या. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी समोसा-कचोरी, संध्याकाळी मोमो आणि बर्गर. वीस-पन्नास रुपयांचा हा व्यवहार असतो. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करते, गाडीवरचा साउंडबॉक्स रक्कम बोलून दाखवतो आणि पुढचे गिऱ्हाईक पुढे सरकते.

गेल्या काही वर्षांत आभासी चलनाचा, म्हणजे बिटकॉइन व तत्सम नाण्यांचा, मोठा बोलबाला झाला. उद्या चहा-बर्गरसुद्धा याच नाण्यांनी घेता येईल, असे त्याचे प्रचारक सांगत आले. आपल्या समाजातील अनेक तरुणांनी या बोलण्यावर विश्वास ठेवून कष्टाचे पैसे त्यात घातले. तेव्हा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहावयाचे आहे. नवे चलन निघते तेव्हा ते किरकोळ बाजारात चालते की नाही हे कोण ठरवते? काढणारा ठरवत नाही, देणाराही फारसा ठरवत नाही. घेणारा ठरवतो, असे या लेखाचे म्हणणे आहे. घेणारा म्हणजे गाडीवाला, भाजीवाली, कचोरीवाला. चलन खरे की खोटे हे पारखण्याचा आणि ते पुढे खपविण्याचा खर्च ज्याच्या माथी येतो तो हाच माणूस असतो.

दोन पिझ्झांची गोष्ट

आभासी नाण्याने खाद्यपदार्थ विकत घेतल्याची सर्वांत प्रसिद्ध घटना २२ मे २०१० ची आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात राहणाऱ्या लास्लो हान्येत्झ या संगणक आज्ञावलीकाराने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन दिले. त्या वेळी त्यांची किंमत चाळीस डॉलरच्या आसपास होती. पुढे त्याच नाण्यांची किंमत कोट्यवधी डॉलर झाली, म्हणून हा दिवस 'बिटकॉइन पिझ्झा दिन' म्हणून साजरा होऊ लागला. या कथेत सगळे जण दहा हजार नाण्यांच्या आजच्या किमतीचा हिशेब मांडतात; पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. पिझ्झाच्या दुकानाने बिटकॉइन घेतलेच नव्हते. हान्येत्झ याने नाणी दुसऱ्या एका तरुणाला दिली. त्या तरुणाने दुकानाला नेहमीच्या डॉलरमध्ये पैसे चुकते केले आणि पिझ्झा हान्येत्झच्या घरी पोहोचला. म्हणजे झाली ती खरेदी नव्हती, ती सराफी होती. मधला सराफ नसता तर पिझ्झा मिळालाच नसता.

गंमत अशी की बिटकॉइनची मूळ कल्पना ज्या निबंधात मांडली गेली, सातोशी नाकामोटो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाच्या आरंभीच लहानसहान व्यवहारांचा उल्लेख आहे. मध्यस्थ असला की त्याचा खर्च वाढतो आणि छोटे व्यवहार परवडेनासे होतात, ही लेखकाची तक्रार होती. प्रत्यक्षात उलटे घडले. बिटकॉइनच्या वहीत नोंदींचा नवा गट साधारण दहा मिनिटांनी जोडला जातो आणि त्या गटातील जागा मर्यादित असते. गर्दी वाढली की जागेसाठी चढाओढ लागते आणि नोंदणी-शुल्क वाढते. डिसेंबर २०१७ मध्ये हे सरासरी शुल्क काही दिवस पन्नास डॉलरच्याही वर गेले होते. संगणकीय खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या मोठ्या कंपनीने त्याच महिन्यात बिटकॉइन घेणे बंद केले. वीस डॉलरच्या खेळासाठी वीस डॉलर शुल्क कोण भरणार?

तरीही खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना या नाण्याचे आकर्षण वाटत राहिले. रशियातील बर्गर किंगने ऑगस्ट २०१७ मध्ये 'व्हॉपरकॉइन' नावाचे बक्षीस-नाणे काढले. कॅनडात के.एफ.सी.ने जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइनने घेता येईल अशी कोंबडीची बादली थोडे दिवस विकली. ही सगळी जाहिरातबाजी होती, असेच म्हणावे लागेल. आपल्याकडे मुंबईत वरळीच्या 'कोलोनियल' या पिझ्झाच्या उपाहारगृहाने २०१३ च्या अखेरीस बिटकॉइन स्वीकारण्यास सुरुवात केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली होती. त्याच डिसेंबरच्या २४ तारखेला रिझर्व्ह बँकेने आभासी चलनाच्या धोक्यांविषयी जनतेला पहिला जाहीर इशारा दिला.

फुलूस आणि सुलतानाचे तांबे

मुस्लिम जगाच्या आर्थिक इतिहासात या प्रश्नाची मुळे फार खोल आहेत. दीनार सोन्याचा, दिरहम चांदीचा. पण भाकरी, भाजी, तेल घ्यायचे तर दिरहमसुद्धा मोठा पडे. त्यासाठी तांब्याची 'फुलूस' ही नाणी होती. पंधराव्या शतकातील इजिप्तचा इतिहासकार अल-मक्रीझी याने इ.स. १४०५ च्या सुमारास दुष्काळ व महागाईवर एक छोटा ग्रंथ लिहिला. दिरहमने घेता येणार नाहीत इतक्या क्षुल्लक वस्तूंसाठीच फुलूस निघाले होते, असे तो सांगतो. मात्र मामलुक अधिकाऱ्यांनी युरोपातून तांबे आणून टांकसाळीत भरमसाट फुलूस पाडले, कारण त्यात नफा होता. हळूहळू मोठे व्यवहारही फुलूसमध्येच, तेही वजनावर होऊ लागले आणि किमती भडकल्या. मक्रीझीचे सगळे निदान आजच्या अर्थशास्त्राला मान्य होईल असे नाही. त्या महागाईला नाईलचे कमी पाणी आणि साथीचे रोगही कारणीभूत होते. पण सुट्ट्या पैशाची टांकसाळ नफ्यासाठी चालवली की त्याचा भार सुट्ट्या पैशावर जगणाऱ्यावर पडतो, हे त्याने नेमके टिपले.

हिंदुस्थानातील उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राशी थेट जोडलेले आहे. मुहम्मद बिन तुघलक याने हिजरी ७३० ते ७३२, म्हणजे इ.स. १३२९ ते १३३२ या काळात चांदीच्या टंक्याच्या बदल्यात पितळ-तांब्याची संकेत-नाणी काढली. दिल्लीबरोबर दौलताबादच्या टांकसाळीतही ती पाडली गेली. या नाण्यांवर जो सुलतानाचे आज्ञापालन करतो तो ईश्वराचे आज्ञापालन करतो, अशा आशयाचा मजकूर होता. म्हणजे धातूची जी किंमत नव्हती ती भरून काढण्यासाठी धर्माची साक्ष काढण्यात आली होती! इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की घरोघर टांकसाळी झाल्या, लोकांनी याच नाण्यांनी सारा भरला, घोडे व शस्त्रे घेतली, आणि दूरच्या मुलुखात तर ही नाणी केवळ तांब्याच्या वजनाने घेतली जाऊ लागली. खोटी नाणी पाडण्याचा दोष बरनी हिंदूंच्या माथी मारतो. तो त्याच्या पूर्वग्रहाचा भाग मानावा लागतो, कारण साचा आणि भट्टी ज्याच्याकडे आहे अशा कोणत्याही कारागिराला हे साधणारे होते. शेवटी सुलतानाने ही नाणी खजिन्यात घेऊन त्याबदली सोने-चांदी दिली. परत आलेल्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत पडून होते, असे बरनीने नमूद केले आहे.

तुघलकाला वेडा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि शालेय पुस्तकांनी दीर्घकाळ तेच केले. वास्तविक संकेत-चलनाची कल्पना त्याच्या आधी चीनमध्ये यशस्वी झाली होती. इराणच्या इलखानी राज्यात मात्र गैखातू याने १२९४ मध्ये तबरीझला 'चाव' नावाच्या कागदी नोटा काढल्या तेव्हा दुकानदारांनी बाजार बंद ठेवले आणि सुमारे दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. तबरीझच्या दुकानदारांनी नोट घेतलीच नाही. दिल्लीच्या दुकानदाराने नाणे घेतले, पण खरे-खोटे कळेना. कल्पना वाईट नव्हती. नाणे पारखण्याचे साधन सामान्य दुकानदाराच्या हाती नव्हते, हे अपयशाचे कारण होते. आभासी नाण्याच्या बाबतीत पारखण्याचे साधन आहे, ते अत्यंत चोखही आहे. पण त्यासाठी वेळ आणि पैसा मोजावा लागतो.

याउलट काही चलने कोणाही सुलतानाच्या आज्ञेवाचून चालली. कवडीचे उदाहरण पाहा. चौदाव्या शतकात मालदीव बेटांवर काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने तेथे कवड्या हेच चलन असल्याचे आणि साधारण चार लाख कवड्यांना सोन्याचा एक दीनार पडत असल्याचे नोंदले आहे. त्या जहाजांनी बंगालला जात. कवडी कोणाला खोटी पाडता येत नव्हती, पारखायला सराफ लागत नव्हता, आणि मूठभर भाजीला मूठभर कवड्या पुरत. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी', 'दमडीची कोंबडी' हे मराठीतले शब्दप्रयोग त्या सुट्ट्या चलनाच्या जगातूनच आले आहेत. दमडी हा शब्दही 'दाम' या तांब्याच्या नाण्याचे लहानगे रूप. दख्खनमध्ये शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई स्वराज्यानंतर दीड-दोनशे वर्षे, एकोणिसाव्या शतकातही, बाजारात चालत राहिली. ती अनेक ठिकाणी पाडली जाई, वजनात फरक असे, तरी लोक घेत. पुढे कोणीतरी आपल्याकडून ती घेईल अशी खात्री होती, एवढेच कारण पुरेसे होते.

भोपाळचा रुपया आणि बट्टा

आता पुन्हा भोपाळकडे येऊ. भोपाळ संस्थानाचा मराठ्यांच्या इतिहासाशी संबंध जुना आहे. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीराव पेशव्याने निजामाला भोपाळजवळ कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दुराहासराई येथे तह झाला. त्या तहात पन्नास लाखांच्या युद्धखर्चाचे कलम होते. हा मोठ्या पैशाचा इतिहास झाला. तो बखरींत आणि दप्तरांत सापडतो. सुट्ट्या पैशाचा इतिहास कोणी लिहून ठेवीत नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत माळव्यात अनेक टांकसाळी होत्या. इंदूर, उज्जैन, प्रतापगड, भोपाळ या प्रत्येकाचा रुपया वेगळा. जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतात इथल्या सावकार-सराफांच्या जाळ्याचे विस्तृत वर्णन आहे. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ तो वाजवून पाही, घासून पाही आणि 'बट्टा' कापून बदलून देई. हा बट्टा मोठ्या व्यापाऱ्याला जाणवत नसे, कारण तो हुंडीने व्यवहार करी. ज्याच्याकडे एकच रुपया आहे आणि ज्याला त्याचे पैसे करून आठवड्याच्या बाजारात मीठ-मिरची घ्यायची आहे, त्याचा मात्र दोनदा बट्टा कापला जाई. एकदा परक्या रुपयाचा, एकदा मोड घेताना.

भोपाळच्या बेगमांची राजवट ही आपल्या समाजाच्या इतिहासातील एक अभिमानाची बाब आहे. कुदसिया बेगम, सिकंदर बेगम, शाहजहाँ बेगम, सुलतान जहाँ बेगम या चौघींची कारकीर्द १८१९ पासून १९२६ पर्यंत पसरलेली आहे. शाळा, पाणीपुरवठा, मशिदी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. सुलतान जहाँ बेगम अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या हे तर सर्वश्रुत आहे. त्यांच्या नाण्यांकडे मात्र नाणी जमविणारे सोडले तर कोणी वळत नाही. शाहजहाँ बेगम यांच्या काळापर्यंत भोपाळचा स्वतःचा रुपया आणि तांब्याचा पैसा चालत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी रुपया अधिकृत झाला आणि 'भोपाली' नाणे मागे पडले. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने ही हानीच होती. पण कुदसिया बेगम यांच्या जामा मशिदीभोवतीच्या चौक बाजारात मोड घेणाऱ्या हमालाच्या दृष्टीने पाहिले तर एका बट्ट्यातून सुटका झाली, हेही नाकारता येत नाही. आपण इतिहास बहुधा टांकसाळीच्या बाजूने लिहितो, हमालाच्या बाजूने लिहीत नाही.

नोट, जकात आणि फकीर

कागदी नोट आली तेव्हा हाच वाद नव्या रूपाने उभा राहिला. १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा निघाल्या, पण सर्वांत लहान नोट दहा रुपयांची होती. किरकोळ बाजाराशी तिचा संबंध नव्हता. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची आणि पाठोपाठ १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची नोट निघाली. नोट सामान्य माणसाच्या हाती आली ती तेव्हा. आणि लगेच काही ठिकाणी ती वटवताना बट्टा कापला जाऊ लागला. जुनाच सराफ, नवे निमित्त.

उलेमांपुढे प्रश्न होता तो असा. नोट ही स्वतः 'माल' आहे, की सरकारकडे असलेल्या चांदीची केवळ पावती? मौलाना रशीद अहमद गंगोही यांच्यासारख्या देवबंदच्या विद्वानांचा कल तिला पावती मानण्याकडे होता. बरेलीचे मौलाना अहमद रझा खान यांनी १३२४ हिजरीत, म्हणजे १९०६ मध्ये, मक्केत असताना याच विषयावर 'किफ्लुल फकीह' ही अरबी पुस्तिका लिहिली आणि नोट हा स्वतंत्र माल आहे असे प्रतिपादन केले. आज हा वाद शब्दच्छल वाटेल. पण त्यात एक अगदी व्यवहारी पेच होता. नोट पावती असेल तर ती फकिराच्या हातावर ठेवल्याने जकात अदा होत नाही. तो ती वटवेल किंवा तिने काही विकत घेईल तेव्हाच ती अदा होईल. माल असेल तर हाती पडताच अदा झाली. पैसा खरा की नाही याची कसोटी फिक्हच्या चर्चेत अशा रीतीने सर्वांत गरीब घेणाऱ्याच्या तळहातावर येऊन ठेपली. बहुतेक देशांत नोटेमागची चांदी नाहीशी झाल्यावर, ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान येथील अधिवेशनात जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने कागदी चलनाला सोन्या-चांदीचेच सर्व नियम लागू होतात, असा ठराव केला.

आभासी नाण्याबाबत अशी एकवाक्यता झालेली नाही. तुर्कस्तानच्या धर्मव्यवहार संस्थेने २०१७ मध्ये आणि इजिप्तच्या मुख्य मुफ्तींनी जानेवारी २०१८ मध्ये त्याविरुद्ध मत दिले. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम ठरवला. दुसरीकडे काही मुफ्ती व इस्लामी अर्थतज्ज्ञ त्याला माल मानतात आणि अटींवर परवानगी देतात. येथे इमाम गजालींचा एक विचार उपयोगी पडतो. पैसा आरशासारखा असतो, त्याला स्वतःचा रंग नसतो, तो इतर वस्तूंचे रंग दाखवतो, असे त्यांनी म्हटले आहे. बिटकॉइन डिसेंबर २०१७ मध्ये वीस हजार डॉलरच्या जवळ गेला आणि वर्षभरात सव्वातीन हजारांच्या आसपास उतरला. ज्याला स्वतःचाच एवढा रंग आहे त्यात कचोरीची किंमत कशी दिसणार? भाव चढेल अशी आशा असणारा तो खर्च करीत नाही, आणि उतरेल अशी भीती असणारा गाडीवाला तो घेत नाही.

कायदा, साउंडबॉक्स आणि कोलार रोड

भारतातील कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर बसवला, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपलीकडच्या व्यवहारांवर १ टक्का उद्गम-कपात लागू झाली. आभासी नाणे बाळगणे गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. एखाद्याने खरोखर कोलार रोडवर बिटकॉइन देऊन बर्गर घेतला तर कायद्याच्या दृष्टीने त्याने मालमत्ता हस्तांतरित केली. ती कधी, कितीला घेतली होती याचा हिशेब त्याला विवरणपत्रात द्यावा लागेल. एका बर्गरसाठी एवढी वही कोण ठेवील?

कायद्याचे पाठबळ मिळाले असते तर ते चालले असते, असे कोणी म्हणेल. त्याला मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोरचे उत्तर आहे. त्या देशाने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलन केले, सरकारी मोबाईल-पाकीट घेणाऱ्याला तीस डॉलर बक्षीस दिले, आणि पहिल्याच दिवसापासून मॅकडोनाल्डसारख्या साखळी दुकानांत ते स्वीकारले गेले. तरीही किरकोळ बाजार डॉलरवरच राहिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकानदारांवरील सक्ती कायद्यातून काढून टाकण्यात आली. मॅकडोनाल्डला मधला सराफ परवडतो. हातगाडीवर मक्याची भाकरी विकणाऱ्या बाईला परवडत नाही.

मग भोपाळच्या गाडीवाल्याने बिनकागदी पैसा स्वीकारला तो कसा? ११ एप्रिल २०१६ रोजी यू.पी.आय. सुरू झाले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने चलनातील नोटांच्या एकूण मूल्याचा सुमारे ८६ टक्के भाग एका रात्रीत बाद केला आणि लोक नाइलाजाने मोबाईलकडे वळले. पण नाइलाज संपल्यावरही ते तेथे राहिले, याची कारणे आपल्या आधीच्या इतिहासात सापडतात. हे नवे नाणे नव्हते, तोच रुपया होता. म्हणून बदलण्याचा बट्टा नव्हता. जानेवारी २०२० पासून दुकानदारावरील शुल्कही शून्य झाले. पारखण्याचे काम साउंडबॉक्स करू लागला, त्यासाठी वाचता येणेही जरुरीचे नव्हते. आणि आलेला रुपया संध्याकाळी घाऊक व्यापाऱ्याला तसाच देता येई. सुट्ट्यांऐवजी गोळी-चॉकलेट हातावर ठेवण्याची जुनी खोडही बरीचशी गेली. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना दहा हजारांचे पहिले कर्ज देताना मोबाईलवरील व्यवहारांसाठी परतावाही ठेवला होता.

रिझर्व्ह बँकेने स्वतःचा डिजिटल रुपयाही काढला आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा किरकोळ वापराचा प्रयोग मुंबई, दिल्ली, बंगळुरू व भुवनेश्वर येथे सुरू झाला. पुढच्या टप्प्याच्या यादीत इंदूर होते, भोपाळ नव्हते. नोटा-नाण्यांच्याच मूल्यांत तो मिळतो. पण गाडीवर यू.पी.आय.चा क्यूआर कोड चिकटवलेला असताना त्याची वेगळी गरज काय, हे सामान्य विक्रेत्याला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

शुल्क शून्य झाले म्हणून घेणाऱ्याच्या माथ्यावरचा भार संपला असे समजणे मात्र घाईचे ठरेल. साउंडबॉक्सचे मासिक भाडे विक्रेत्याकडून घेतले जाते. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले तेव्हा ज्यांची खाती त्या बँकेत होती त्यांना नवे खाते जोडावे लागले. सायबर फसवणुकीतले पैसे कोणा गिऱ्हाइकाच्या हातून चहाच्या बिलापोटी आले म्हणून विक्रेत्याचे खातेच गोठवले गेल्याची प्रकरणे देशाच्या अनेक भागांत घडली आहेत. तुघलकाच्या काळी खोटे नाणे हाती आले तर तेवढे एक नाणे बुडे. आता वीस रुपयांच्या संशयापायी सगळी पुंजी अडकते, आणि ती सोडवण्यासाठी दुसऱ्या राज्यातील पोलिस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. ज्याने पोहे विकले त्याने गिऱ्हाइकाच्या पैशाची कुळी तपासावी, ही अपेक्षा कोणत्याही सराफी परंपरेत बसत नाही.

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत याचे आणखी एक रूप दिसले. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने मागील चार वर्षांच्या यू.पी.आय. जमेवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा पाठवल्या. त्यांत दूध-भाजीसारखा करमुक्त माल विकणारेही होते. काही दिवसांतच दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदची हाक दिली. मुख्यमंत्र्यांनी जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही असे आश्वासन दिल्यावर ती मागे घेण्यात आली, पण पुष्कळ पाट्या त्यानंतरही काही काळ तशाच राहिल्या. कोणत्याही विधिमंडळात ठराव न होता, कोणत्याही टांकसाळीला न विचारता, आठ-दहा दिवसांत एका महानगराच्या किरकोळ बाजाराने आपले चलन बदलून दाखवले.